आईच्या नंबरवरून

१२ सप्टेंबर

"सॉफ्टवेअर काय हो, आजकाल कोणीही करतं!" — म्हणे! धुळ्याचा साडीवाला चुडामणसेठ. गादीवर रेलून, पान चघळत मला हे ऐकवतो! जळगावहून धुळ्यापर्यंत हाडं खिळखिळी करत मी गेलो ते हे ऐकायला?

कोणीही करतं तर कर ना बाबा! तुझ्या पुतण्याला सांग!

डेमो दिला तेव्हा तोंड बघायला हवं होतं त्याचं. त्याचाच नंबर टाकला, बटण दाबलं. त्याचा फोन वाजला. "राम राम चुडामनसेठ, मी तानुबाई बोली राहिनू. जेवनात का?" सेठ सावरून बसला आणि म्हणाला, "हां हां, जेवलो ना माय!" मशीनला उत्तर दिलं गड्याने! नोकर तोंडावर हात ठेवून हसत होते. लगेच ऑर्डर — नवरात्र आणि पुढची लग्नसराई, नरडाणा-शिंदखेड्याचा, म्हणजे आमच्याच गावाकडचा, सगळा पट्टा. आणि उठता उठता वर हे वाक्य — "आवाज भारी शे तुमचा. बाकी सॉफ्टवेअर काय…"

आवाज माझ्या आईचा आहे, कबूल. पण आईकडून शेकडो नावं म्हणवून घेऊन, ती जोडून, प्रत्येकाला नावाने हाक मारायला त्या आवाजाला शिकवलं कोणी? बाप्या असला तर "जेवना का", बाई असली तर "जेवनी का", हे कोणी केलं? कॉल कुठूनही गेला तरी समोरच्याच्या फोनवर आईचाच नंबर दिसतो, ते डोकं कोणाचं? ओळखीचा नंबर, ओळखीचा आवाज. कोण कापेल? "हाकारा" कंपनी म्हणजे मी! पण गाढवाला गुळाची चव काय!

१४ सप्टेंबर

प्रकाशक प्रेमराजभाऊंनी लेखक-परिचय लिहून पाठवला. "गिऱ्हाईक फोन का उचलतं?" या माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय, ७ डिसेंबरला जळगावला समारंभ. आणि परिचय किती? चार ओळी! "खान्देशातील एका होतकरू तरुणाने…" होतकरू! जिना चढताना माझे गुडघे वाजतात आणि मी होतकरू!

मी लिहून पाठवू का? धुळ्याला डिप्लोमा. मग पाचोऱ्याला स्टेशनसमोर कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान, तिथे गिऱ्हाइकांपेक्षा उंदीर जास्त. मग दूध डेअरीचं सॉफ्टवेअर — बुडालं. क्लासवाल्यांचं केलं — तेही बुडालं. गावात लोक तोंडावर म्हणायचे, "तानुबाईना पोऱ्या डबडा इकस!" डबडी विकतो म्हणे! मग एका बियाणेवाल्यासाठी रेकॉर्ड केलेले फोन पाठवायला घेतले. पुण्याहून एका बाईचा मधाळ आवाज आणला. "नमस्कार, आपले स्वागत आहे" म्हटलं की लोक फोन कापायचे. वैतागून गावी गेलो. आई भाकरी थापत होती. तिच्यापुढे माईक धरला, म्हटलं तूच बोल. तर ती बियाण्याचं बोलायचं सोडून माईकलाच विचारते, "जेवना का?"

मी तेवढंच आधी ठेवलं, बियाणं नंतर. दुसऱ्या दिवशी दुकानापुढे ही गर्दी! लोक बियाणं सोडून "तानुबाई कोठे शे" विचारत होते!

त्यावरच पुस्तकाचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण झालं — "आधी जेवण विचारा, मग माल सांगा". आज बारामतीपासून बुलढाण्यापर्यंत लोक व्याख्यानाला बोलावतात. बसतं का हे चार ओळींत?

आणि वर प्रेमराजभाऊ म्हणतात, "समारंभाला आईंना स्टेजवर आणा बरं का. लोक त्यांनाच बघायला येतील." पुस्तक मी लिहिलंय हो! मी! बरं, आणू आईला. नवी साडी घेऊ.

२३ सप्टेंबर

डोकं फिरलंय. सकाळी आईचा फोन. खरा फोन. आवाज चढलेला. आईचा आवाज चढतो हे मला आज कळलं.

झालं असं की गावातले जीवरामकाका मागच्या आठवड्यात वारले. मला माहीत होतं, जायचं राहून गेलं. आणि काल आमच्या मशीनने कोकिळाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, फोन केला. आईच्या आवाजात. "राम राम कोकिळाबाई, मी तानुबाई बोली राहिनू. जेवनी का? नवरात ऊनी माय, लाल साडी लई ले!" घरात सुतक. दारावर बसायला आलेल्या बाया भोवती. आणि फोन स्पीकरवर.

वाईट झालं. मी नाही म्हणतोय का? पण मशीनला काय कळणार कोण कधी मेलं? यादी सेठची, साड्या सेठच्या! राजदीपला — माझा प्रोग्रामर — विचारलं, यादी तपासता येत नाही का? तो म्हणे, "सर, मेलेल्यांची यादी कुठे मिळते?" उलट उत्तर! मीच शिकवलं, मलाच ऐकवतो.

आई आज काकूंच्या दारावर जाऊन बसली. परत येऊन मला फोन. म्हणाली, बाया बाजूला सरकल्या. काकूंनी एवढंच विचारलं — "तानू, तुले माहीत व्हतं ना? तरी तू माले लाल साडी ले म्हनस?"

"तू नव्हतीस, मशीन होतं, सांग ना त्यांना!" मी ओरडलो.

"मन्हा आवाज व्हता, भूषन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

२८ सप्टेंबर

गावी जाऊन आलो. तोंडातोंडी झाली.

तिचं म्हणणं — बंद कर. मी म्हटलं, अगं सेठशी करार झालाय, दुसरी आवृत्ती निघतेय, ऑफिसात पोरं पगारावर आहेत, सगळं तुझ्या आवाजावर उभं आहे. बंद कर म्हणजे काय? दिवा आहे का तो, फुंकर मारायला?

"मन्हा आवाज इका, इकी टाक. पन गावमा माले तोंड दखाडाले जागा राहिनी नही." आणि मग जे सांगितलं त्याने तर मला जास्तच राग आला — तिचा खरा फोनसुद्धा आता गावात कोणी उचलत नाही! दळणाचा डबा आणायला झुलालनानांना फोन लावला, शेजारचे, बाबांचे जन्माचे दोस्त. त्यांनी कापला! "त्यास्ले वाटनं, मशीन शे."

अरे, ही काय माणसं आहेत? ह्यांच्या पोरींच्या लग्नात हिने रात्रंदिवस पुरण वाटलं, मांडे टाकले. आणि चार जाहिराती आल्या तर हिला कापतात! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच.

म्हटलं, नवीन सिम घेऊन देतो, तुझा नंबर वेगळा. तर नाही! "हाऊ नंबर तुना बापनी लई दिधा. तो गया, नंबर राहिना."

घ्या! आता नंबराशीपण लग्न!

शेवटी मी हात जोडले. म्हटलं, मग मला कर ना फोन! गावाची गरजच काय तुला? मी आहे ना! कधीही कर, मी उचलीन. ती उठून चुलीकडे गेली. निघताना डबा दिला. रागात असली तरी डबा देते, तो घ्यायचा की नाही हेही कळत नाही मला. घेतला.

५ ऑक्टोबर

लग्नसराईचं रेकॉर्डिंग करायचं म्हणून राजदीपला माईक देऊन गावी पाठवला. आईने त्याला शेवभाजी करून घातली, पोटभर जेवायला लावलं, नवऱ्या मुलासारखी त्याची वास्तपुस्त केली. आणि माईकपुढे? एक शब्द नाही! तोंड गच्च मिटून बसली.

राजदीप परत येऊन म्हणतो, "सर, आईंना खरंच त्रास होतोय." पगार मी देतो आणि हा वकिली तिची करतो!

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. गावी गेलो. आईने वाढलं सगळं. बोलली फक्त सुनेशी, म्हणजे सारिकाशी, आणि तव्यावरच्या पोळीशी. मला म्हणजे "घे" आणि "अजून?" एवढंच. स्टेजवर येण्याचं विचारलं तर उठून बाहेर गेली.

परतीच्या गाडीत सारिका म्हणे, "आई स्टेजवर येणार नाहीत हे तुम्हाला माहितीय. मग विचारता कशाला?" बायको माझी की तिची सून? दोन्ही म्हणे! हसते वर!

१ नोव्हेंबर

आठवडाभर आईचा फोन नाही. मीही केला नाही. बघू कोण आधी नमतं.

६ नोव्हेंबर

पट्ट्याचे आकडे आले. नरडाण्याकडे कोणी उचलतच नाही! आईचा नंबर दिसला की कट. काही जण तर वाजायच्या आतच! आणि पाचोऱ्याकडे, पहूरकडे अजून धडाक्यात उचलतात, मशीनशी गप्पा मारतात. पहूरच्या एका म्हाताऱ्याने तिला सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं!

म्हणजे ज्यांनी तिच्या हातचं खाल्लं तेच कापतात. कृतघ्न! अख्खा पट्टा कृतघ्न!

सेठचा फोन आला. "काय हो भूषणभाऊ, आवाज जुना झाला वाटतं. नवीन काही आणा." आवाज जुना! साडी आहे का ती?

९ नोव्हेंबर

ठरलं. आईने बोलायची गरजच नाही. जुनी रेकॉर्डिंगं आहेत ढीगभर. राजदीपला सांगितलं, आता असं तंत्र आलंय की मशीन तिच्याच आवाजात नवीन काहीही बोलेल. टाईप करायचं, आई बोलणार. हसणार, खोकणारसुद्धा! स्टेजवर स्पीकर ठेवू. लोकांना आई पाहिजे ना? घ्या आई!

सारिकाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना विचारलंत?"

काय विचारायचं? विचारलं की तोंड मिटते! त्यापेक्षा मशीन बरं, विचारलं तेवढं बोलतं.

१५ नोव्हेंबर

राजदीप चालढकल करतोय. "सर, आवाज सपाट येतोय." "सर, आईंचं हसणं जमत नाहीये." "सर, दुसऱ्याचा नंबर दाखवणं नियमात बसत नाही, तेवढं तरी बंद करू." नाचता येईना अंगण वाकडं! शेवटी बजावलं — महिनाअखेर नमुना हवा. नेहमीसारखा आधी माझ्या फोनवर पाठव. फोनची बॅच सुटण्याआधी नमुना माझ्याकडे येतो, तो नियम मीच घातलाय. दिवसातून किती वेळा स्क्रीनवर "आई" येतं आणि मी दोन शब्द ऐकून कापतो, देव जाणे. आवाज बरोबर आहे ना, एवढंच बघायचं.

२१ नोव्हेंबर

थंडी पडली. दरवर्षी या दिवसांत आईकडून भरताच्या वांग्यांची पिशवी येते, एस.टी.च्या कंडक्टरबरोबर. यंदा नाही. राग वांग्यांवर काढायचा असतो का?

बाजारातून आणली सारिकाने. भरीत केलं. मी म्हटलं, तिखट झालंय. ती म्हणाली, तुम्हीच तिखट झालाय.

२६ नोव्हेंबर

प्रेमराजभाऊंनी पत्रिका छापल्या. "प्रमुख आकर्षण : आवाजाची आई, श्रीमती तानुबाई." माझं नाव खाली, बारीक! फोन करून झापलं. तर म्हणतात, "भाऊ, पुस्तकात तुम्हीच लिहिलंय ना, गिऱ्हाइकाला हवं ते पुढे ठेवा." माझंच वाक्य माझ्याच टाळक्यात!

पत्रिका गावी पाठवली. आली तर आली.

२९ नोव्हेंबर

काय दिवस होता! आधी चांगलं लिहितो, मग राजदीपची चामडी.

पहूरला व्यापाऱ्यांचं शिबीर. हॉल खचाखच. मी बोलायला उभा राहिलो — "ओळखीचा आवाज कोणी कापत नाही!" — आणि तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला. स्क्रीनवर "आई". नमुना! म्हटलं, हा योग सोडायचा नाही. सगळ्यांना म्हटलं, "ऐका, प्रात्यक्षिकच ऐका!" आणि स्पीकर लावून माईकपुढे धरला.

"भूषन… मी बोली राहिनू… लवकर ये रे भाऊ…"

बाप रे! काय आवाज! धाप लागल्यासारखा, मध्येच तुटणारा, कण्हल्यासारखा. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तर पदर तोंडाला लावला. मी तिथेच कापला आणि म्हणालो, "ही माझी आई नाही. हे मशीन आहे!" टाळ्या! अशा टाळ्या मला आजवर पडल्या नव्हत्या. चहाच्या वेळी पाच-सहा जणांनी तिथल्या तिथे नावं नोंदवली. "लवकर ये रे भाऊ" — सेलसाठी याहून चांगली ओळ असू शकत नाही! राजदीपला हे सुचलं कसं?

पण मग तो फोन थांबेच ना! बोलतोय तर "आई". कापला. पुन्हा "आई". कापला. पुन्हा! लोक हसायला लागले. शेवटी फोन गप्प करून खिशात टाकला. नमुना एकदा पाठवायचा असतो, की चाळा लावायचा असतो?

दुपारी राजदीपला फोन करून आधी शाबासकी दिली, मग झापला. एक — ती धाप काढ, फार रडकं वाटतं, साडीच्या जाहिरातीत मढं पडल्यासारखं. दोन — "जेवना का" का गाळलंस? तीच तर आपली हुकमी ओळ! आईने आयुष्यात कधी "जेवना का" विचारल्याशिवाय फोन केला नाही, आणि तू तेच गाळतोस? तीन — सारखे फोन कशाला?

तर गडी काय म्हणतो? "सर, मी अजून काही पाठवलंच नाही. मशीन कालपासून बंद आहे."

खोटारडा! चूक झाली तर झाली म्हण ना! शंभर माणसांनी कानांनी ऐकलंय आणि हा म्हणतो पाठवलं नाही! सोमवारी बघतो याला. आणि आता घरी हे लिहितोय तर सारिका दारात उभी, हातात फोन. गावाहून झुलालनाना बोलतायत म्हणे. यांना आज बरी आठवण झाली! आईचा फोन कापतात आणि माझ्याकडे

३० नोव्हेंबर, धुळे

राजदीप खरं बोलत होता.

आई काल सकाळी मळ्यात पडली, हौदाच्या पायरीवरून. खुब्याचं हाड मोडलं. फोन हातात होता. झुलालनानांना लावला, कोकिळाकाकूंना लावला, गावात एकेकाला लावला. सगळ्यांनी कापला. मग मला लावत राहिली. ऊन उतरल्यावर नाना विहिरीवरची मोटार बंद करायला गेले तेव्हा त्यांना दिसली. बाजूला वांग्यांची पिशवी होती. जळगावला पाठवायची होती म्हणे.

सकाळी ऑपरेशन झालं. आत्ता तिने डोळे उघडले. मी जवळ वाकलो. तीच आधी बोलली.

"जेवना का?"